ट्रोजन डाउनलोडर कसा ओळखायचा: एका फाइलीपासून पूर्ण साखळीपर्यंत

अँटीव्हायरसने एक फाइल पकडली, बाजूला काढली, हिरवी खूण दाखवली आणि आपण पुन्हा कामाला लागलो, असं बहुतेकदा होतं. पण अँटीव्हायरसने तिला दिलेल्या नावात 'ट्रोजनडाउनलोडर' हा शब्द असेल, तर इथे थांबणं धोक्याचं आहे. हा प्रकार सहसा स्वतः पासवर्ड चोरत नाही की फाइलींना कुलूप लावत नाही. बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवरून दुसरं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, आणायचं आणि ते चालू करून द्यायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून तो सापडला की पहिल्यांदा विचारायचं ते हे: पकडला जाण्याआधी यानं कोणाला घरात घेतलं?

एमोटेट या मालवेअरचा इतिहास बघा. २०१४ मध्ये तो बँक खात्यांची माहिती चोरणारा ट्रोजन, म्हणजे साळसूद रूपात येणारा घातक प्रोग्रॅम, म्हणून दिसला. पुढच्या काही वर्षांत त्याच्या चालकांनी इतर टोळ्यांचं मालवेअर लोकांच्या संगणकांवर पोहोचवण्याचा धंदा सुरू केला. ईमेलमधल्या वर्ड फाइलीतून एमोटेट यायचा, तो ट्रिकबॉट हा दुसरा ट्रोजन आणायचा आणि ट्रिकबॉटच्या मागून रियुक हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं मालवेअर, शिरायचं. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो परतला, तेव्हा त्याला आणून सोडणारा होता ट्रिकबॉट. आणणारा आणि आणलेला यांच्या जागा अशा बदलतात. एकट्या फाइलीकडे बघून म्हणूनच भागत नाही, साखळी बघावी लागते: फाइल कोणामार्फत आली, ती कोणाशी बोलली आणि तिच्यामागून काय आलं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे दुवे शोधण्यासाठी आहेत. उदाहरणं मुख्यतः विंडोजची आहेत, मॅकबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

## आधी नावाचा अर्थ लावा

डाउनलोडर आणि ड्रॉपर यांत फरक आहे. ड्रॉपर पुढचं मालवेअर स्वतःच्या पोटातच घेऊन येतो, त्यामुळे इंटरनेट बंद असलं तरी त्याचं काम होतं. डाउनलोडर रिकाम्या हातांनी येतो आणि माल बाहेरून मागवतो. त्यामुळे तो आकाराने लहान असू शकतो, आणि सर्व्हरवरचा माल बदलला की तोच डाउनलोडर आज एक तर उद्या दुसरंच काही आणतो. 'लोडर' हा शब्द हल्ली दोघांसाठीही सैलपणे वापरतात. एकाच नमुन्यात दोन्ही गुण सापडणंही नेहमीचं आहे, म्हणून शब्दांवर फार अडून बसू नका.

अँटीव्हायरसने दिलेलं नाव मात्र नीट वाचा. मालवेअरला नावं देण्याची कॅरो नावाची पद्धत १९९१ मध्ये ठरली आणि मायक्रोसॉफ्टची नावं आजही तिच्यावरच बेतलेली असतात. सुरुवातीला प्रकार, मग तो कशावर चालतो ते, मग कुटुंबाचं नाव आणि शेवटी उपप्रकाराची अक्षरं. दुसऱ्या जागी 'विन३२' असेल तर तो विंडोजचा प्रोग्रॅम, 'जेएस' असेल तर जावास्क्रिप्ट, 'ओ९७एम' असेल तर ऑफिसमधला मॅक्रो, म्हणजे ऑफिसच्या फाइलीतच ठेवलेला छोटा प्रोग्रॅम. शेवटी उद्गारचिन्ह आणि 'एमएल' दिसलं, तर निकाल मशीन लर्निंगच्या अंदाजावरून आलेला आहे. असा निकाल चुकू शकतो आणि त्यातलं कुटुंबाचं नावही सर्वसाधारण असू शकतं. म्हणून नाव हा तपासाचा आरंभ समजा.

## फाइलीला हात लावण्याआधी

तुमच्याच संगणकावर संसर्गाचा संशय असेल, तर सगळ्यात आधी नेटवर्क तोडा: केबल काढा, वाय-फाय बंद करा. संगणक लगेच बंद करू नका, कारण काही डाउनलोडर आणलेला माल डिस्कवर लिहीतच नाहीत. तो फक्त मेमरीत असतो आणि वीज गेली की पुरावाही जातो. अपवाद एकच. डोळ्यांदेखत फाइलींची नावं बदलत असतील, त्या उघडेनाशा होत असतील, तर पुरावा गेला तरी चालेल, सरळ वीज तोडा.

नमुना तपासायचा तो वेगळ्या जागी, व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेल्या दुसऱ्या संगणकात. मी नेहमी दोन मशीन ठेवतो. एकात विंडोज आणि मँडियंटच्या फ्लेअर पथकाने तयार केलेला 'फ्लेअर व्हीएम' हा साधनांचा संच. दुसऱ्यात 'रेमनक्स' हे विश्लेषणासाठी बनवलेलं लिनक्स. दोन्ही फक्त एकमेकांना दिसतील अशा अंतर्गत नेटवर्कवर जोडायची आणि विंडोजचा गेटवे (बाहेर जाण्याचं दार) व डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) म्हणून रेमनक्सचा पत्ता द्यायचा. शेअर केलेलं फोल्डर, सामायिक क्लिपबोर्ड, ड्रॅग करून फाइल टाकण्याची सोय, हे सगळं बंद. मग स्वच्छ अवस्थेचा स्नॅपशॉट, म्हणजे नंतर परतता येईल अशी जतन केलेली प्रत, घ्या आणि बाहेरच्या कुठल्याही पत्त्याला पिंग करून बघा. उत्तर आलं, तर नमुना अजून आणू नका.

हे मशीन थोडं वापरातलं दिसायला हवं. एकच प्रोसेसर कोर, जेमतेम मेमरी, रिकामं डॉक्युमेंट्स फोल्डर, ब्राउझरचा कोरा इतिहास दिसला की बरेच नमुने आपण प्रयोगशाळेत आहोत हे ओळखतात आणि गप्प बसतात. किमान दोन कोर आणि चार जीबी मेमरी द्या, काही साध्या फाइली टाका. नेटवर्क कार्डाच्या पत्त्याचाही सुगावा लागतो. व्हर्च्युअलबॉक्सने आपोआप दिलेले पत्ते ०८:००:२७ ने सुरू होतात, तो बदलून घ्या.

नमुना ने-आण करताना पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये ठेवायचा आणि पासवर्ड 'इन्फेक्टेड' हाच शब्द, असा या क्षेत्रातला जुना रिवाज आहे. सर्व्हरचे पत्ते लिहून ठेवताना टिंब चौकटी कंसात टाकायचं, म्हणजे चुकून क्लिक होऊन कोणी तिथे पोहोचणार नाही. नवशिके ही सवय टाळतात आणि एक दिवस स्वतःच्याच अहवालातल्या दुव्यावर क्लिक करून बसतात.

## फाइलीची ओळख आणि तिचा उगम

पहिलं काम हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा, काढायचं. पॉवरशेल या विंडोजच्या आदेश-साधनातल्या 'गेट-फाइलहॅश' या आदेशाने एसएचए-२५६ हॅश मिळतो, ६४ अक्षर-अंकांचा. तो व्हायरसटोटल या फाइली अनेक अँटीव्हायरसकडून तपासून देणाऱ्या सेवेवर शोधा, पण फाइल अपलोड करू नका. तिथे चढवलेली फाइल त्या सेवेच्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांना उतरवून घेता येते. फाइलीत तुमची खासगी माहिती असू शकते, आणि हल्ला खास तुमच्यावरच असेल तर हल्लेखोर आपला नमुना तिथे आला का यावर नजर ठेवून असतो. हॅश कुठेच सापडला नाही, तर फाइल निर्धोक आहे असं समजू नका. प्रत्येक बळीसाठी फाइलीत एखादा बाइट बदलून दिला की हॅश पूर्ण बदलतो, आणि मोठ्या मोहिमांत हे सर्रास चालतं.

मग उगम. विंडोज इंटरनेटवरून आलेल्या फाइलीला 'झोन आयडेंटिफायर' नावाचा एक लपलेला प्रवाह जोडतं. त्यात झोनचा आकडा ३ असेल तर फाइल इंटरनेटवरून आली. ब्राउझरने उतरवली असेल तर बऱ्याचदा नेमक्या कोणत्या पत्त्यावरून, तेही त्यात लिहिलेलं असतं. साखळीचा पहिला दुवा असा आयता हाती येतो, तरी तो तपासायचं लोक विसरतात.

ही खूण नसणंही बोलकं असतं. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो आपोआप रोखायला सुरुवात केली आणि हल्लेखोर दुसरीकडे वळले. आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत असलेली, फाइल पाठवायची, कारण तिच्या आतल्या फाइलींना ती खूण लागत नव्हती. नोव्हेंबर २०२२ च्या अद्ययावतीकरणात ही फट बुजवली गेली. शॉर्टकट म्हणजे एलएनके फाइली तेव्हाच वाढल्या होत्या, आणि २०२३ च्या सुरुवातीला वननोटच्या फाइलींची लाट आली. कोणता नमुना कोणत्या काळातला, याचा अंदाज या वेष्टनावरूनही बांधता येतो.

## न चालवता तपासणी

फाइलीचा खरा प्रकार तिच्या पहिल्या बाइटांवरून ठरतो, नावावरून नाही. विंडोजचा चालणारा प्रोग्रॅम 'एमझेड' या दोन अक्षरांनी, म्हणजे हेक्समध्ये ४डी ५ए ने सुरू होतो, मग नाव 'फोटो.जेपीजी' असो की आणखी काही. ज्ञात प्रकारांची एक्स्टेन्शनं विंडोज मुळातच लपवतं, ती आधी दिसती करून घ्या. नाव उजवीकडून डावीकडे उलटवणारं एक अदृश्य युनिकोड चिन्हही असतं. त्यामुळे 'ईएक्सई' ने संपणारी फाइल डोळ्यांना 'डीओसी' ने संपल्यासारखी दिसते.

प्रोग्रॅम असेल तर 'डिटेक्ट इट ईझी' किंवा 'पीई स्टुडिओ' मध्ये उघडा आणि एन्ट्रॉपी, म्हणजे बाइट किती विस्कळीत आहेत याचं माप, बघा. ती शून्य ते आठ या मापात असते. सात-सव्वासातच्या पुढे गेलेला भाग बहुधा दाबलेला किंवा कूटबद्ध असतो. त्यानंतर इम्पोर्ट, म्हणजे हा प्रोग्रॅम विंडोजची कोणकोणती कामं उधार घेतो त्यांची यादी. डाउनलोडरला आणणं, ठेवणं आणि चालवणं ही तीन कामं करावीच लागतात. आणण्यासाठी 'यूआरएलडाउनलोडटूफाइल', 'इंटरनेटओपनयूआरएल' किंवा विनएचटीटीपीची फंक्शनं, ठेवण्यासाठी 'राइटफाइल', चालवण्यासाठी 'क्रिएटप्रोसेस' किंवा 'शेलएक्झिक्यूट'. यादीत 'लोडलायब्ररी' आणि 'गेटप्रॉकअ‍ॅड्रेस' एवढी दोनचारच नावं असतील, तर खरी यादी दडवली आहे, ती चालू झाल्यावर उलगडेल.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. ब्राउझरचा अपडेटर, एखाद्या साध्या प्रोग्रॅमचा इन्स्टॉलर, हेही आणतात, ठेवतात, चालवतात. फक्त या तीन फंक्शनांवरून एखाद्याला ट्रोजन ठरवणं अन्यायाचं होईल. डिजिटल स्वाक्षरी खरी आहे का, माल कोणत्या पत्त्यावरून येतो, तो प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवला जातो की अ‍ॅपडेटामधल्या अर्थहीन नावाच्या फोल्डरात, आणि स्वतःचा हेतू लपवायचा खटाटोप केलेला आहे का, हे सगळं एकत्र तोलायचं.

प्रोग्रॅमच्या आतले वाचनीय शब्द 'स्ट्रिंग्ज' ने काढता येतात. तुकड्यातुकड्यांत लपवलेले शब्द जोडून देणारं 'फ्लॉस' मी त्याआधी चालवतो. बांधणीच्या तारखेवर मात्र विश्वास ठेवू नका. ती खोटी घालता येते, आणि जुन्या डेल्फीत बांधलेले प्रोग्रॅम तर सरसकट १९ जून १९९२ हीच तारीख दाखवतात.

## स्क्रिप्ट, मॅक्रो आणि शॉर्टकट

आज डाउनलोडर प्रोग्रॅमच्या रूपात येण्यापेक्षा स्क्रिप्टच्या रूपात येण्याची शक्यता जास्त, म्हणून इथे वेळ द्या. समजा, झिपमधून 'बिल' नावाची जेएस फाइल निघाली. अशा फाइलीवर दोनदा क्लिक केलं की विंडोज ती ब्राउझरमध्ये उघडत नाही. ती 'डब्ल्यूस्क्रिप्ट' कडे जाते आणि थेट संगणकावर चालते. ती नोटपॅडसारख्या साध्या संपादकात उघडून वाचा. हजारो ओळी दिसतील. गूटलोडर या कुटुंबाची तर रीतच अशी की जेक्वेरीसारख्या खऱ्या, चांगल्या लायब्ररीत आपल्या मोजक्या ओळी मिसळायच्या. मूळ लायब्ररीची तीच आवृत्ती मिळवून दोन्ही फाइली शेजारी शेजारी ताडल्या की उपऱ्या ओळी उघड्या पडतात.

गुंतवलेल्या स्क्रिप्टमध्ये शेवटी कुठेतरी उलगडलेला मजकूर चालवणारी जागा असतेच, बहुधा 'इव्हॅल'. त्या जागी 'चालव' ऐवजी 'छापून दाखव' अशी ओळ घाला आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा. एक थर उलगडतो. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. चार-पाच थर लागले तरी धीर सोडू नका, तळाशी सर्व्हरचा पत्ता असतो.

पॉवरशेलचा लांबलचक बेस६४ (कोणतेही बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) आदेश दिसला, तर त्यात कॅपिटल 'ए' खूप वेळा येतो का बघा. पॉवरशेल तो मजकूर दोन-दोन बाइटांच्या युनिकोडमध्ये अपेक्षितो, इंग्रजी अक्षरांचा दुसरा बाइट शून्य असतो, आणि बेस६४ मध्ये शून्यांचे 'ए' होतात. उलगडण्यासाठी ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेने खुलं केलेलं 'सायबरशेफ' उत्तम: आधी बेस६४, मग यूटीएफ-१६. आणि बेस६४ मजकुराची सुरुवात कॅपिटल टी, कॅपिटल व्ही, स्मॉल क्यू, कॅपिटल क्यू अशी असेल, तर आत बहुधा एक अख्खा विंडोज प्रोग्रॅम आहे. ही चार अक्षरं पाठ करून ठेवा, पुष्कळ वेळ वाचतो.

ऑफिसच्या फाइलींसाठी 'ओलेव्हीबीए' वापरा. फाइल न उघडता ते मॅक्रो बाहेर काढतं आणि उघडताक्षणी चालणाऱ्या भागांवर बोट ठेवतं. शॉर्टकटच्या बाबतीत 'प्रॉपर्टीज' च्या खिडकीवर विसंबू नका. ती लक्ष्याची पहिली २६० अक्षरंच दाखवते. हल्लेखोर शेकडो रिकाम्या जागा भरून खरा आदेश त्यापुढे ढकलतात. शॉर्टकटच्या आत कधी कधी तो बनवणाऱ्या संगणकाचं नावही राहून गेलेलं असतं, आणि एकाच टोळीच्या दोन मोहिमा जोडायला त्याचा उपयोग होतो.

२०२४ पासून आणखी एक प्रकार पसरला आहे, क्लिकफिक्स. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असं सांगणारं बनावट पान वापरणाऱ्यालाच विंडोज आणि 'आर' ही बटणं दाबायला लावतं, मग पेस्ट आणि एंटर. इथे फाइल येतच नाही, डाउनलोडर म्हणजे ती एक ओळ. ती रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातल्या, 'रनएमआरयू' या नोंदीत उरते. वापरणारा 'मी काहीच उतरवलं नाही' असं म्हणत असेल आणि ते खरंही असेल, तेव्हा तिथे बघा.

## चालवून बघणं

स्नॅपशॉट तयार असताना 'प्रोसेस मॉनिटर', 'प्रोसेस एक्सप्लोरर' आणि नेटवर्कवरची रहदारी टिपणारं 'वायरशार्क' सुरू करा. खोट्या इंटरनेटसाठी रेमनक्सवर 'आयनेटसिम', किंवा विंडोजवरच 'फेकनेट-एनजी'. मग नमुना चालवा आणि दहा-पंधरा मिनिटं द्या.

या खोट्या इंटरनेटची खरी कमाल डाउनलोडरच्या बाबतीतच दिसते. नमुना कोणताही पत्ता विचारो, त्याला उत्तर मिळतं. त्यानं प्रोग्रॅम मागितला तर फेकनेट त्याला एक निरुपद्रवी प्रोग्रॅम देतं. डाउनलोडर तो आनंदाने ठेवून घेतो आणि चालवतो, आणि तुमच्या पडद्यावर तो निरुपद्रवी प्रोग्रॅम प्रकट होतो. याहून ठोस पुरावा मागू नये: यानं मागितलं, आणलं, चालवलं. 'प्रोसेस मॉनिटर' मध्ये प्रोसेसचा वृक्ष, म्हणजे कोणत्या प्रोसेसने कोणती सुरू केली ते, उघडा. डब्ल्यूस्क्रिप्टच्या पोटी पॉवरशेल, त्याच्या पोटी 'रनडीएलएल३२', असं दृश्य दिसलं की शंका उरत नाही. वर्डने पॉवरशेलला जन्म द्यावा असं रोजच्या कामात सहसा काही नसतं.

वायरशार्कमध्ये आधी डीएनएसची विचारणा, मग एचटीटीपी. कूटबद्ध जोडणीतही सुरुवातीच्या हाकेत सर्व्हरचं नाव बहुधा उघडं असतं. ब्राउझरची ओळख सांगणारी ओळ तपासा. 'सर्टयुटिल' हे विंडोजचंच साधन फाइल आणायला वापरलं असेल, तर त्या ओळीत त्याचं स्वतःचं नाव येतं. प्रमाणपत्रांसाठीच्या साधनाने अनोळखी पत्त्यावरून फाइल ओढावी, हे ताबडतोब थांबून बघण्यासारखं आहे. पत्ता प्रसिद्ध क्लाउड सेवेचा असला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. २०१९ पासून दिसणारा गुलोडर आपला माल गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवत आला आहे.

खऱ्या घटनेच्या नोंदीतून आणलेला माल हाती लागला आणि तो निव्वळ गोंधळ दिसला, तर तो एक्सऑर करून, म्हणजे किल्लीच्या बाइटांशी जुळवून बदलून, पाठवलेला असू शकतो. विंडोज प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या भागात शून्य बाइट पुष्कळ असतात, आणि शून्याशी एक्सऑर केलेली किल्ली जशीच्या तशी उमटते. हेक्स संपादकात एकच तुकडा पुन्हा पुन्हा आलेला दिसला, तर किल्ली तुमच्यासमोरच आहे.

काहीच घडलं नाही तर? बऱ्याचदा असंच होतं. नमुना मुद्दाम झोपून राहिला असेल, माउस हलण्याची वाट बघत असेल, किंवा ती डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमने चालवायची कोडची फाइल) असेल आणि ठरावीक फंक्शनच्या नावानेच जागी होत असेल. खरा सर्व्हर एव्हाना बंद पडलेला असण्याची शक्यताही मोठी, असे पत्ते फार काळ जगत नाहीत. काही सर्व्हर एका आयपीला एकदाच माल देतात, काही ठरावीक देशांनाच. अशा वेळी स्वतःच्या जोडणीवरून त्या पत्त्यावर जाऊन बघण्याचा मोह होतो. तो आवरा. तपास सुरू आहे हे तुम्ही त्यांना स्वतःहून कळवत असता.

## साखळी मध्येच तुटते तेव्हा

इथे अनुभवी लोकही चकतात. पालक-बालक वृक्षावर भिस्त ठेवून आपण खाली जातो आणि पॉवरशेलपाशी दोर संपतो. फाइल तर आलेली असते, पण आणली कोणी ते दिसत नाही.

पहिली शक्यता बिट्स. विंडोज अद्ययावत करण्यासाठी पार्श्वभूमीत फाइली आणणारी ही सेवा कोणीही वापरू शकतो. डाउनलोडर फक्त काम नोंदवतो आणि मरतो. प्रत्यक्ष फाइल विंडोजच्या सेवा चालवणारं 'एसव्हीसीहोस्ट' आणतं, म्हणजे नेटवर्कच्या नोंदीत नाव विंडोजचं येतं. काम संगणक पुन्हा सुरू केल्यावरही टिकतं. बिट्सची स्वतंत्र इव्हेंट नोंद असते, तिच्यात ५९ क्रमांकाच्या घटनेत पत्त्यासह सगळं लिहिलेलं सापडतं.

दुसरी, शेड्यूल्ड टास्क. पाच मिनिटांनी चालेल असा टास्क तयार करून ठेवला, की पुढच्या प्रोसेसचा पालक पुन्हा एसव्हीसीहोस्ट. सुरक्षेच्या नोंदीत टास्क तयार झाल्याची घटना ४६९८ असते, तिचं ऑडिट चालू असेल तर. डब्ल्यूएमआय या विंडोजच्या व्यवस्थापन सोयीमार्फत चालवलं तर पालक 'डब्ल्यूएमआयपीआरव्हीएसई' दिसतो. शिवाय एखाद्या प्रोसेसला मुद्दाम खोटा पालक लावून देणं विंडोजमध्ये शक्य आहे. म्हणून पालकत्व हा एक साक्षीदार समजा आणि वेळेशी ताडून बघा.

आणि कधी एसव्हीसीहोस्ट स्वतःच पोखरलेला असतो. खरा असेल तर तो सिस्टम३२ फोल्डरातून चालतो, त्याचा पालक 'सर्व्हिसेस' असतो आणि त्याच्या आदेशात उणे-के हा पर्याय असतो. यातलं एक जरी जुळलं नाही, तर त्या प्रोसेसच्या मेमरीची प्रत आधी काढून ठेवा.

## घटनेच्या संगणकावरच्या खुणा

प्रयोगशाळेत नमुना काय करू शकतो ते कळतं. त्यानं प्रत्यक्षात काय केलं ते फक्त बाधित संगणकच सांगतो. वेळेचा क्रम मांडायला घ्या. समजा, असा निघाला: १०:४१ ला ब्राउझरने झिप उतरवली, १०:४३ ला डब्ल्यूस्क्रिप्ट आणि लगोलग पॉवरशेल, १०:४४ ला एका अनोळखी नावाची डीएनएस विचारणा आणि अ‍ॅपडेटामध्ये एक नवी डीएलएल, १०:४५ ला रनडीएलएल३२ आणि एक नवा टास्क. ११:१० ला अँटीव्हायरसने जेएस फाइल पकडून बाजूला केली. पडद्यावर 'धोका दूर झाला' असं दिसतं. खरं तर डीएलएल १०:४५ पासून चालू आहे आणि टास्क तिला रोज उठवणार आहे.

सिसमॉन हे सविस्तर नोंदी ठेवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन आधीपासून बसवलेलं असेल तर हा क्रम अर्ध्या तासात मांडता येतो. त्याच्या घटनांचे क्रमांक असे: प्रोसेसची सुरुवात १, नेटवर्क जोडणी ३, फाइल तयार होणं ११, रजिस्ट्रीतला बदल १३, झोनची खूण १५ आणि डीएनएस विचारणा २२. नसेल तर विंडोजच्या स्वतःच्या नोंदींत प्रोसेस सुरू झाल्याची घटना ४६८८ बघा, पण आदेशाची पूर्ण ओळ नोंदवण्याची सोय वेगळी चालू करावी लागते. पॉवरशेलच्या ४१०४ क्रमांकाच्या घटनेत चालण्यासाठी उलगडलेली स्क्रिप्ट मिळते, म्हणजे तुमचं थर सोडवण्याचं कष्टाचं काम विंडोजने आधीच केलेलं असू शकतं. प्रीफेच फोल्डरात प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटच्या आठ वेळांपर्यंतची नोंद असते. आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या जागा 'ऑटोरन्स' एकत्र दाखवतं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, स्वाक्षऱ्या तपासण्याचा पर्याय लावा, उरलेल्यांवर नजर टाका.

## कुटुंबाचं नाव आणि ओळखीचा नियम

आता नाव द्यायची वेळ. दोन नमुने एकाच कुटुंबातले म्हणायला सर्व्हरचा पत्ता पुरत नाही, तो भाड्याने मिळतो. मजकूर उलगडण्याची पद्धत, सर्व्हरशी बोलण्याचा साचा, कोडमधले ठरावीक तुकडे जुळायला हवेत. 'कापा' हे साधन प्रोग्रॅमची क्षमता साध्या शब्दांत सांगतं आणि मायटर अटॅक या हल्ल्यांच्या पद्धतींच्या सूचीतल्या क्रमांकांशी जोडून देतं. बाहेरून साधन आत आणण्याला तिथे टी११०५ म्हणतात. खोलात जाऊन कोड वाचायचा तर 'गिड्रा' आहे, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९ मध्ये खुलं केलेलं.

सापडलेल्या खुणांवरून यारा नियम, म्हणजे तशाच फाइली हुडकणारा नियम, लिहा. पत्ता आणि फाइलीचं नाव त्यात घालू नका, ती उद्या बदलतील. उलगडणाऱ्या फंक्शनचे बाइट घ्या, एखादा विचित्र पण टिकाऊ शब्द घ्या, सुरुवातीला 'एमझेड' असण्याची आणि आकाराच्या मर्यादेची अट घाला. मग तो नियम स्वच्छ विंडोजच्या सगळ्या फाइलींवर चालवा. तिथे एकही फाइल अडकली, तर नियम सैल आहे.

## मॅकवर

मॅकही सुटलेला नाही. २०१८ मध्ये उघडकीस आलेला श्लेयर बनावट फ्लॅश अपडेटच्या रूपाने यायचा आणि शेल स्क्रिप्टने पुढचा माल, मुख्यतः जाहिरातींचं मालवेअर, आणायचा. २०२० मध्ये त्याचे काही नमुने अ‍ॅपलच्या नोटरायझेशनच्या, म्हणजे प्रोग्रॅम वापरण्याआधी आपोआप होणाऱ्या, तपासणीतूनही पार झाले होते. मॅकवर झोनच्या खुणेच्या जागी 'क्वारंटाइन' नावाचा गुणधर्म असतो आणि टिकून राहण्यासाठी बहुधा 'लाँचएजंट्स' फोल्डर वापरलं जातं. विचारायचे प्रश्न तेच.

## तपास संपल्यावर

मिळालेले पत्ते आणि हॅश फायरवॉल व डीएनएसवर अडवा, आणि जाळ्यातल्या इतर संगणकांच्या जुन्या नोंदींत तेच पत्ते शोधा. दुसऱ्या कोणीही तीच झिप उघडलेली असू शकते. आणलेला माल नेमका ओळखता आला आणि त्याच्या सगळ्या खुणा सापडल्या, तरच सफाईवर भागवा. तो काय होता हेच कळलं नसेल, तर डिस्क पुसून सिस्टम नव्याने बसवा, आणि बॅकअप संसर्गाआधीचा, वरच्या उदाहरणात १०:४१ च्या आधीचा, निवडा. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला. त्यासोबत प्रत्येक खात्याची सगळीकडची चालू सत्रं बंद करा, कारण चोरलेली लॉगिनची कुकी काही सेवांमध्ये पासवर्ड बदलल्यानंतरही चालत राहते.